तुळजाबाईची अर्धी हाक

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, आणि त्याचं कारण एकट्या उषाबाईला माहीत होतं.

बाकी सगळा गोतावळा पूर्णेच्या वाळूत चटके खात उभा होता. वैशाखाचं ऊन. पिंडावर भात, भातावर दही, शेजारी तुळजाबाईची मिसरीची डबीसुद्धा उघडून ठेवलेली. पलीकडच्या काठावर कावळ्यांची नुसती जत्रा भरली होती, पण इकडं एक मेला फिरकेल तर शपथ! थोरला लेक साहेबराव पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आई, आपल्या धाकल्या धर्माची काळजी करू नको. त्याला मी अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. लेक नंदाबाई रडत म्हणाली, "आई, तुझी कपिली गाय इकू देत न्हाई गं, मी घिऊन जाते माझ्या घरी." तरी नाही. मग गावातले जुने रामराव खेकसले, "आरं, आजून कोनाच्या मनात काय राह्यलं आसंल तं बोला की! म्हातारी अडकून बसली." सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. उषाबाई, साहेबरावची बायको, तिनं पदर तोंडात कोंबला आणि नजर वाळूत गाडली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि माणसं कुजबुजत घरी निघाली. दर्भाचा कावळा म्हणजे नाइलाजाचा कावळा. त्यानं जित्या माणसांचं समाधान होतं, मेलेल्याचं होतं की नाही ते देव जाणे.

आता म्हातारी गेली त्या दिवसाचं सांगतो. उषाबाईनं सासूची सेवा काही कमी केली नव्हती, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. सुनेवर बोट ठेवायला गावाला काय लागतं! म्हातारीचा ताप उतरेना, रात्र रात्र जागून उषाबाईच्या डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी ऊन कलता कलता ती पलीकडच्या खोलीत भिंतीला जराशी टेकली आणि टेकल्या जागी आडवी झाली. झोपेतच तिच्या कानावर हाक आली, "उषे, पानी दे गं. घशाला कोरड पडली." हाक आली हे तिला कळलं. उठायला पाहिजे हेही कळलं. पण अंगच उठेना. ती कूस बदलून झोपली. जाग आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बाजेवर तुळजाबाई थंड पडली होती, एक हात बाजेखाली लोंबत होता, आणि त्या हाताखाली तांब्या आडवा पडून जमीन ओली झाली होती.

म्हणजे म्हातारीनं स्वतःच तांब्याला हात घातला, तांब्या कलंडला, आणि ती तहानेली गेली. उषाबाईनं असंच धरलं. तांब्या उचलून जागेवर ठेवला, ओली जमीन पदरानं टिपली आणि मग हंबरडा फोडला. ही गोष्ट ती कुणालाच बोलली नाही. बोलणार तरी कुणाला? मरत्या माणसाला पाणी दिलं नाही, यापरतं मोठं पाप आमच्या भागात नाही.

घरात त्या वेळी आणखी एक माणूस होता. पण त्याला माणसांत धरायची गावाला सवयच नव्हती. धर्मराज, साहेबरावचा धाकटा भाऊ. पंचविशी उलटलेला, उंच, देखणा गडी. कणगीमागच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन तासन् तास बसायचा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. कुणी हात लावला की विंचू चावल्यासारखा झटकायचा. आणि स्वतःचं असं एक वाक्य त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. बोलायचा ते सगळं दुसऱ्याचं. भूक लागली की तुळजाबाईच्या आवाजात म्हणायचा, "खाय रं माझ्या वाघा." झोप आली की मेलेल्या बापाच्या घोगऱ्या आवाजात, "चला, दिवा बारीक करा." बापाला जाऊन जमाना झाला होता, पण आवाज बिलकुल तोच, नवा पाहुणा दचकून दाराकडं बघायचा.

लहानपणी तुळजाबाईनं त्याला नवीन जालन्यात नेऊन एका डॉक्टरला दाखवलं होतं. डॉक्टरनं 'मंदबुद्धी' एवढा एक शब्द कागदावर लिहिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. म्हातारीनं घरी येऊन तो कागद चुलीत घातला. "माझं लेकरू मंद न्हाई," ती म्हणाली, "त्याच्या पोटात लई मानसं राहत्यात. त्याला सोताला बोलायला जागाच घावत न्हाई." गाव हसलं. गावाला हसायला काय जातंय!

पाण्याची मात्र गंमत होती. रांजणातलं पाणी तो हातानं घेत नसे. ओंजळ करून आईपुढं उभा राहायचा, मग आई तांब्यानं वरून धार धरायची आणि तो प्यायचा. पाण्यासाठी वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. आई असेपर्यंत त्याची गरजच पडली नाही.

दहाव्याची पंगत उठली, सोयरेधायरे पांगले. उषाबाई तुळशीपुढं दिवा लावायला वाकली, तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला.

"उषे, पानी दे गं. घशाला कोरड पडली."

दिवा हातातून सुटला, तेल मातीत गेलं. आवाज तुळजाबाईचा. शेवटच्या दिवसांतली ती छातीतली घरघर, 'गं' म्हणताना तुटणारा श्वास, सगळं तसंच. गोठ्याच्या खांबाला टेकून धर्मा उभा होता. डोळे मिटलेले. मागं-पुढं झुलत होता आणि तळहातानं खांबावर टक टक करत होता. "उषे..." तो पुन्हा म्हणाला, आणि साहेबरावनं धावत येऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. धर्मा कान झाकून खाली बसला. मग किती तरी वेळ त्याचं हूं हूं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. हाक आली की साहेबरावनं हात उगारायचा, शेजारणीनं कडुलिंबाचा धूर करायचा, कुणी मिरच्या ओवाळायच्या. आणि धर्मा कान झाकून बसला की "गेली, गेली" म्हणत सगळ्यांनी कपाळाचा घाम पुसायचा. गेली कुठली! दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा पहिल्यापासून, "उषे, पानी दे गं." गावातल्या बाया त्या वेळी आपापली दारं लावून घ्यायला लागल्या. त्यात धर्मा ढोरांच्या हौदाला तोंड लावून पाणी पिताना रामरावांना दिसला. मग काय, इचारूच नका! तहानेलं भूत हौद शोषून राह्यलं, असा गावभर बोभाटा झाला. त्याला पाणी द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

उषाबाईचं तर जगणंच नासलं.  पाण्याचा पेला तोंडाजवळ न्यायचा आणि बाजेखालचा तो लोंबता हात डोळ्यांपुढं यायचा. पेला तसाच खाली. दोन घोट पाणी ती डोळे मिटून औषधासारखं गिळायची. म्हातारी आपलंच नाव घेऊन मागते आहे, सगळ्या गावासमोर मागते आहे. आज नुसतं पाणी मागते, उद्या पुढचं बोलेल. 'ही जागी होती, हिनं कूस बदलली,' असं म्हणेल. या धास्तीनं ती दिवस मावळायला लागला की गारठून जायची.

साहेबरावनं शेवटी पुंजाराम भगताला बोलावलं. पुंजारामनं धर्माच्या डोक्यावरून तांदूळ उतरवले, त्यांचा वास घेतला आणि मान हलवली. "म्हातारी तहानेली गेली. आन् ह्याच्या अंगाचं घर तिला रिकामं सापडलं, शिरली. डोंगरातल्या बाबाच्या ठाण्यावर न्यावं लागंल. पाच आमावस्या खांबाला साखळीनं बांधून ठिवला, म्हंजी सुटंल."

साखळी म्हटल्यावर साहेबराव चरकला. "आईला शबुद देल्ता मी, वाळूत उभा राहून."

"आई तं त्याच्याच अंगात हाय म्हनत्यात," उषाबाई पटकन बोलली. "मंग शबुद कोनाला दिला? घिऊन जा त्याला."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. धर्मा कोपऱ्यात बसून कणगीच्या कुडावर बोट फिरवत होता.  पण ठरलं ते ठरलं. अमावस्येसाठी गावातल्या बद्रीनाथची भाड्याची जीप सांगून झाली.

अमावस्या परवावर आली. त्या दुपारी उन्हं जरा कलल्यावर धर्मा घरात दिसेना, म्हणून उषाबाई त्याला शोधत गल्लीच्या टोकाला गेली. तिथं कमरबीचं घर. कमरबीचा नवरा लालमियाँ पिंजारी; खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन जाफराबाद, भोकरदन सगळं पालथं घालायचा, लोकांच्या गाद्या-रजया भरून द्यायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणून अंगणातून त्याचा आवाज आला तेव्हा उषाबाईच्या पायाखालची जमीन सरकली.

टुंग, टुंग, टुंग. आधी धनुकलीच्या तारेचा आवाज. मग, "कमरो, चाय रख. आज भोकरदनचा बाजार एकदम ठंडा. एक रजई भरी, वो भी उधार."

उषाबाईनं फाटकाच्या फटीतून पाहिलं. धर्मा झुलत होता, डोळे मिटून, भिंतीवर टक टक करत. समोर बाजेवर कमरबी पान कुटत बसली होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. उषाबाई ओरडणार एवढ्यात कमरबीनं तिला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "नक्को तोडू," ती हळूच म्हणाली. "बैठ."

लालमियाँ बोलत राहिला. चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरला, गुडघ्याला तेल लाव म्हणाला, शेजारच्या नजीरच्या सायकलला शिव्या दिल्या. शेवटी, "अच्छा, सोता जरा," असं म्हणून थांबला. धर्मानं मनगटानं तोंड पुसलं, जेवण झाल्यावर पुसावं तसं, आणि उठून कापसाच्या ढिगापाशी जाऊन बसला.

"झालं त्याचं," कमरबी म्हणाली. "खतम झालं की तोंड पुसतो."

"तुमाला भ्या न्हाई वाटत?" उषाबाईनं फाटकातूनच विचारलं.

"भ्या कायचं? माझ्या मालकाचा एक फोटो न्हाई माझ्यापाशी. गावात टेप एकट्या सरपंचाकडं, त्यात बी नुसती गानी. अन् ह्या पोरानं माझा बुड्ढा असा संभाळून ठेवला, एक शबूद इकडचा तिकडं न्हाई. ते बी रोज असरच्या नमाजाच्या टायमाला, त्याची घरी यायची जी वेळ होती, बराबर तीच. लोक येडा बोलतेत त्याला. बोलू दे! ह्याच्या एवढा पक्का मानूस मी देखला न्हाई. ज्यादा न्हाई बोलत, कम न्हाई बोलत, झूट तर त्याला येतच न्हाई."

उषाबाई फाटक लोटून आत आली आणि बसली. कमरबीनं तिला पान दिलं. ते तिनं घेतलं आणि हातातच चुरगाळलं.

"एक ध्यान में रख," कमरबी म्हणाली. "त्याच्या पोटातली गोष्ट तिच्या टायमाला निघती. टायम सोडून काही बोलला, तर समजायचं त्याला काहीतरी पायजे, भूक लागली, नींद आली. पर टायमाला निघाली की पूरी होऊ द्यायची. बीच में तोडली तर त्याच्या आत अटकून बसती. मंग दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," उषाबाई पुटपुटली.

"तुम्ही रोज तोडून राह्यले ना? शाम को आरडाओरडा मला इथं ऐकू येतो. आगं, भूत-बीत काही न्हाई. बाईची बात अधुरी राह्यली, बस. एकदा तिला शेवटपर्यंत बोलू दे."

कमरबीनं किती सोपं सांगितलं! तिला काय माहीत, शेवटपर्यंत बोलू देणं म्हणजे काय ते. त्या बाजेपाशी धर्मा होता, कणगीमागं होता, म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. मरता मरता सासूनं सुनेला काय शिव्याशाप दिले तेही त्याच्या पोटात होतं, आणि तो कमी-जास्त करणार नव्हता. उषाबाई घरी आली आणि तिनं तोंड शिवून घेतलं. दोन दिवसांचा तर प्रश्न होता. साखळी पडली की हाक डोंगरात राहील. डोंगराला काय, कितीही ऐकून घेईल.

पण बाई वाईट नव्हती, तिथंच तर सगळा घोळ झाला. वाईट असती तर सुखानं झोपली असती.

अमावस्येला दिवस मावळतीला आला, जीप दारात लागली. रात्री ठाण्यावर पोचायचं होतं. पुंजाराम पुढं बसायला निघाला, रामराव आणि चार माणसं अंगणात जमली, कमरबी फाटकाला धरून उभी राहिली. तिनं नुसतं उषाबाईकडं बघितलं. साहेबरावच्या हातात बैलाचं दावं होतं. जीपमधून उडी मारेल म्हणून धर्माचे हात बांधायचे होते. दाव्याचा स्पर्श मनगटाला झाला तसा धर्मा झटकून मागं सरला, गोठ्याच्या खांबाला पाठ लावली, डोळे मिटले. टक टक सुरू झालं. वेळ झाली होती.

"उषे, पानी दे गं. घशाला कोरड पडली."

साहेबरावनं हात उगारला. पुंजाराम ओरडला, "बोलू देऊ नका! बोलली की बळ वाढतं तिचं!"

आणि उषाबाई मधे जाऊन उभी राहिली. कशी गेली ते तिलाही कळलं नाही. नवऱ्याचा उगारलेला हात तिनं दोन्ही हातांनी धरला.

"थांबा. बोलू द्या त्याला."

"आगं, येड लागलं का तुला?"

"मी जागी होते," उषाबाई म्हणाली. आवाज फाटला होता, पण थांबली नाही. "त्या दिवशी आत्याबाईंनी हाक मारली तवा मला आयकू आल्ती. मी उठले न्हाई. मी कूस बदलली. त्या पान्यावाचून गेल्या, माझ्यामुळं गेल्या. आता त्यांना काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलू द्या. ह्या गरिबाला कशापायी बांधता?"

 साहेबराव तिच्याकडं असा बघत राहिला की जणू कुण्या परक्याच बाईला बघतो आहे. त्याचा हात हळूहळू खाली आला. धर्मा झुलत होता. कुणी मारलं नाही, धूर केला नाही, म्हणून तो पहिल्यांदाच त्या वाक्याच्या पुढं गेला.

"उषे... आगं उषे..."

मग आवाज बदलला. झोपेनं जड झालेला, तरण्या बाईचा. "हां आत्याबाई... उठते..."

 तो उषाबाईचाच आवाज होता. आपण ओ दिली होती, हे तिला आठवतही नव्हतं. धर्माच्या तोंडून तिचं बारीक घोरणं आलं. कुणीही हसलं नाही.

पुन्हा तुळजाबाई. घरघर, दम, मग शब्द. "झोपली वाटतं. झोपू दे. लई जागली माझ्यापायी, माझी बाय." मग थांबून, "धर्मा. ये रं माझ्या वाघा. त्यो तांब्या घे. आरं, दोनी हातानं. हां. आता वत."

घशातून पाणी उतरल्याचा आवाज आला. घट, घट. थांबला. पुन्हा घट, घट. उषाबाई जिथं उभी होती तिथंच खाली बसली.

"सांडू दे, सांडू दे. धाकल्या लेकराच्या हातचं हाय, सांडनारच. आजून वाईच. आहाहा... गार हाय रं. निवले मी." दम. "ठिव तांब्या. पडू दे पडला तं. आन् हे बघ, तिला उठवू नको. तिच्यापाशी राह्य. कावती, पन पोटानं चांगली हाय. तुला पानी लागलं तं तिला हाक मारत जाय. मला आपसूक कळतं, तिला कसं कळंल? हाक मारावी लागती. हाक मार, देती ती."

मग नुसता श्वास. लांब. त्याहून लांब. एक गेला आणि पुढचा आलाच नाही.

धर्मानं मनगटानं तोंड पुसलं.

उषाबाई मातीत कपाळ टेकून रडली. एवढे दिवस साचलेलं सगळं तिनं मोकळं सोडलं. "पानी पेल्या हो," ती साहेबरावला म्हणाली, "आत्याबाई पानी पेल्या. ह्यानं पाजलं." साहेबरावच्या हातातून दावं कधी गळालं त्याला कळलं नाही. तो भावाजवळ गेला, खांद्यावर हात ठेवायला पुढं केला, आणि आठवण होऊन मागं घेतला. मग भावाशेजारी खांबाला टेकून तोही खाली बसला. पुंजाराम म्हणायला लागला, "हे सगळं भुताचं मायाजाळ—" तर कमरबी फाटकातूनच कडाडली, "चूप रे! आई बोलली त्याची, तुझ्या बापाचं काय गेलं?" बद्रीनाथनं जीप वळवली. डोंगराकडं ती रिकामीच गेली, नुसत्या पुंजारामाला सोडायला.

आणि दहाव्याला कावळा का शिवला नाही म्हणता? त्या दिवशी पलीकडच्या काठावर मेलेली शेळी पडली होती. सगळे कावळे तिच्यावर. ढोरं राखणाऱ्यानं हे दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, पण भुताची गोष्ट सोडून शेळीची गोष्ट कोण ऐकतो!

पुढचं गावाला ठाऊकच आहे. नंदाबाईच्या लेकीच्या हळदीला जात्यावर बसलेल्या बाया तुळजाबाईची ओवी म्हणता म्हणता अडकल्या; दुसरी ओळ कुणालाच येईना. तर अंगणातून म्हातारीचाच आवाज आला:

लेक चालली सासरी, मागं वळून बघू नको
उंबऱ्याला ठेच लागंल, माझ्या जिवाला लावू नको

नंदाबाई जात्याचा खुंटा धरून तशीच राहिली, मग "म्हन रं दादा, पुढं म्हन" म्हणत रडत रडत दळायला लागली. हळद दळून होईपर्यंत धर्मानं एक ओवी चुकवली नाही. त्यानंतर लांबलांबच्या बाया त्याला हळदीचं आवतन द्यायला लागल्या, तेही मानानं, कुंकू-तांदूळ पाठवून. फर्माईश मात्र चालत नाही. त्याची वेळ झाली की तो बोलणार, आणि बोलायला लागला की कुणी शिंकायचंसुद्धा नाही. एवढं गाव शिकलं. उशिरा शिकलं, पण शिकलं. साहेबराव आता पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, "आमच्या धर्माला इचारा, त्यो सांगंल आजा काय बोलला व्हता ते." डॉक्टरच्या त्या कागदाबद्दल म्हातारी जे बोलली होती तेच खरं होतं, हे मात्र तो कबूल करत नाही. कसा करील? तेव्हा हसणाऱ्यांत तोही होता.

पण गावाला ठाऊक नसलेली एक गोष्ट राहिलीच. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उषाबाई मुद्दाम गोठ्यापाशी जाऊन बसली. इतके दिवस ज्या हाकेला भ्याली, तिचीच वाट बघत बसली. हाक आली नाही. धर्मा शांतपणे गाईची शेपटी बघत होता. बात पुरी झाली होती. म्हातारी आता खरी गेली, हे उषाबाईला तेव्हा कळलं. भुताशिवाय ते घर तिला खायला उठलं. तिनं दिवा लावला आणि उपाशीच झोपली.

मग त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"उषे, पानी दे गं."

पाठीमागून आली हाक. तोच आवाज, तीच घरघर. उषाबाईचा हात पिठातच थांबला. पण ही वेळ म्हातारीची नव्हती. ऊन डोक्यावर होतं. कमरबीचं बोलणं तिच्या कानात वाजलं आणि तिनं वळून पाहिलं.

दारात धर्मा उभा होता. डोळे उघडे, नजर रांजणावर, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केलेली. घशाला कोरड पडल्याचं तो म्हणाला नाही. तेवढं वाक्य त्यानं गाळलं होतं.

"ओ," उषाबाई म्हणाली. "आले, आले."

पिठाच्या हातानंच तिनं रांजणाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि वरून धार धरली. धर्मा प्यायला. पोटभर प्यायला, थांबला, पुन्हा ओंजळ पुढं केली. तिनं पुन्हा धार धरली. पाणी त्याच्या कोपरावरून खाली सांडत होतं. "सांडू दे," ती म्हणाली, "सांडू दे." तो निघून गेल्यावर तिनं आणखी एक तांब्या भरला आणि उभ्यानंच, डोळे उघडे ठेवून, घटाघटा सगळा पिऊन टाकला.